मुहूर्ताचा लॉट

“उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको. तिथूनच सांग.”

मालक मला म्हणाले. अकोल्यातली डाळ मिल, मालकांची केबिन, दसऱ्याची सकाळ. टेबलावर कॉम्प्युटर. त्याला झेंडूचा हार, स्क्रीनच्या काठाला हळदकुंकू, कीबोर्डवर अक्षता. सोफ्यावर बाहेरगावचे चार व्यापारी. आणि मी दारात, चपला काढून उभी.

त्या कॉम्प्युटरमध्ये जे चालत होतं ते मी बांधलं होतं. अमरावतीला एमसीए केलं, इथं नोकरीला लागले, आणि दीड वर्ष खपले. त्याआधी मिलचा कारभार मालकांच्या दातावर चालायचा. तुरीचे दोन दाणे चावायचे आणि ठरवायचं, हा लॉट आज भरडायचा, तो आठ दिवस वाळवायचा. कधी जमायचं, कधी गाडीभर डाळीचा चुरा व्हायचा. मी रोज सकाळी प्रत्येक लॉटच्या ओलाव्याचा आकडा या मशीनमध्ये भरायला लागले. कोरडा लॉट हिरवा दिसे, ओला लाल. मालकांनी बघायचं आणि ठरवायचं. महिनाभरात ते तूर चावायचं विसरले. व्यापाऱ्यांना सांगायचे, “आमच्या पुतन्यानं सिस्टिम बसवली.” पुतण्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मी गप्प राहिले. हे मला सांगितलंच पाहिजे. पगार वेळेवर होत होता आणि आई वस्तीत सांगत फिरायची, माझी पोरगी खुर्चीवर बसते. त्या खुर्चीसाठी मी माझं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिलं.

एरवी मी त्याच केबिनमध्ये बसायचे. वायर सुटली तर टेबलाखाली शिरायचे, धूळ खायचे. तेव्हा कुणाला काही अडत नव्हतं. पूजा मांडली आणि मी बाटवणारी झाले. जात कुणी उच्चारली नाही. गळ्यातल्या ओळखपत्रावर आडनाव होतंच.

खरं तर मी त्या दिवशी तिथं नसायचीच. दसरा म्हणजे आमचा दीक्षेचा दिवस. आई वस्तीतल्या बायांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. मीही सुट्टी मागितली होती. मालक म्हणाले, “पावने येऊन राहिले. तू नसली तर मशीन कोन पाहीन?” मशीन बघायला थांबवलं आणि दारातून बघायला लावलं.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. गोदामाचे पत्रे गळले आणि तीन लॉट भिजले. हमालांच्या मुकादमाने सकाळी आठलाच ओलावा मोजून चिठ्ठी माझ्या हातात दिली. ती भरायला केबिनकडे आले तर मशीन पूजेला बसलेलं. पूजा झालेल्या मशीनला मुहूर्त होईपर्यंत हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. म्हणजे मी लावायचा नाही. स्क्रीनवर कालचेच आकडे. भिजलेला सात नंबर हिरवागार.

रीत अशी की दसऱ्याला व्यापाऱ्यांसमोर एक लॉट निवडायचा, तो मिलमध्ये ओतायचा आणि पहिली डाळ त्यांच्या हातावर शकुनाची म्हणून ठेवायची. पुतण्या माऊस धरून बसला. त्याला यादी उघडेना. म्हणून मला बोलावलं होतं.

“वरची दुसरी पट्टी दाबा. नाही, ती नाही. उजवीकडची.”

माझ्याच मशीनला मी दुरून हाका मारत होते. एक व्यापारी म्हणाला, “पोरगी हुशार दिसते.” मालक म्हणाले, “सवलतीत भेटले असतीन मार्क. डोकं आमच्या पुतन्याचं.” सगळे हसले. मला माझ्या उघड्या पायांची लाज वाटली. पायांची!

यादी उघडली. मालकांनी सात नंबरवर बोट ठेवलं.

“मालक, हे आकडे कालचे आहेत. सात नंबर भिजला. ही चिठ्ठी...”

“तुले इचारलं काय? मशीन खोटं बोलते काय?”

मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याला आजचं कुणी सांगितलंच नव्हतं. आजचं माझ्या मुठीत होतं.

सात नंबर ओतला. साल सुटेना. डाळ चेपली, यंत्रात चिकटली, मिल बंद पडली. व्यापाऱ्यांच्या तळहातावर शकुनाचा म्हणून ओलसर लगदा आला. एकाने तो रुमालाला पुसला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मिलच्या आवारात सगळ्यांना गोळा केलं. हमाल, डाळ निवडणाऱ्या बाया, मुकादम, वॉचमन. माझ्या हातात पुतण्याने टाइप केलेला कागद दिला. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे चुकीचे आकडे दिसले. मी सर्वांची माफी मागते.’

“वाच. मोठ्यानं. अन् सही कर. नाही तं अकोल्यात कोनती मिल तुले उभी करते पायतो. तुमच्या लोकायले खुर्ची देली का असंच होते.”

मी मुकादमाकडे पाहिलं. चिठ्ठी त्यानेच दिली होती. त्याने मान खाली घातली. मला त्याचा राग आला. अजून आहे. त्याला चार लेकरं आहेत हे माहीत असूनही आहे.

आईची खुर्ची आठवली. सही करायला पेन उघडलं होतं मी. मग वाटलं, या कागदावर सही केली तर दीड वर्षात माझ्या नावावर मिलमध्ये एवढंच राहील. बाकी सगळं पुतण्याचं. चूक तेवढी माझी.

मी कागद घडी करून खाली ठेवला. ओढणीच्या टोकाला बांधलेली चिठ्ठी सोडली आणि मोठ्याने वाचली.

“दसरा, सकाळी आठ. सात नंबर, ओला. नऊ नंबर, ओला. अकरा नंबर, ओला.”

मग मालकांकडे वळले.

“मले बाहेर ठेवलं म्हनून आकडे बाहेर राहिले. सही तुमी करा.”

मालकांनी चिठ्ठी हिसकली आणि फाडली. फाटकावर वॉचमनकडून माझी बॅग उलटी करवली, सगळ्यांसमोर. डबा, कंगवा, पॅडचं पाकीट मातीत पडलं. पुतण्याने ते बुटाने सरकवलं. मी एकेक वस्तू उचलली. रडले नाही असं नाही. पण उचलताना मान वर होती.

अकोल्यात खरंच कुणी उभं केलं नाही. मालकांचा फोन माझ्याआधी पोचायचा. सहा महिन्यांनी बसस्टँडवर मुकादम भेटला. म्हणाला, “बाई, आकडे कोनी भरत नाही. समदे लॉट हिरवेच दिसून राहिले. मालक पुन्हा दातानं तूर चावते.” मला आनंद झाला. लपवत नाही.

आता अमरावतीला मुलाखती देते. विचारतात, आधीची नोकरी कावून सोडली? मी सगळं सांगते. मग माझा प्रश्न विचारते. दसऱ्याला तुमच्या मशीनची पूजा होईल तेव्हा मी कुठे उभी असेन?

एका ठिकाणी हसले. एका ठिकाणी साहेब पुढचा कागद चाळू लागला. दोन्हीकडून मी उठून आले. आई म्हणते, एवढं कशाला इचारतं वं, नोकरी घे आधी. घरात चूल अडते तेव्हा तिचं खरं वाटतं. तरी उद्याच्या मुलाखतीतही मी हेच विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या खुर्चीवरून उठणार नाही.