मुळाऐवजी कार्ड

सासरी नांदणाऱ्या मुलीला सणावाराला किंवा घरच्या कार्याला आणायचं असलं, की माहेरचं कुणीतरी स्वतः तिच्या दारात जातं. त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात. मूळ गेल्याशिवाय मुलगी येत नाही, आणि सासरचे पाठवतही नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बारामतीजवळच्या आमच्या गावात कालव्याच्या पाण्यावर आमची वांगी आणि मेथी असायची. सुट्टीत घरी आलो की खुरप्याऐवजी पुस्तक हातात धरायला मला लाज वाटायची, पण कुणी काही म्हणत नसे. त्या सुट्टीत माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पहिला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. बारशाला आत्या हवी. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचाच. आमची आक्का इंदापूरच्या पलीकडे, भीमेच्या अंगाला दिलेली होती.

"मी पाण्याच्या पाळीत अडकलोय," दादा म्हणाला. "आक्काला मूळ तूच जा."

मी हो म्हणालो. मग मनात हिशेब केला, की आणायला एक आणि पोचवायला एक असे दोन दिवस जाणार. परीक्षा जवळ आली होती. पोस्टाचं कार्ड दोन दिवसांत पोचतं, इंदापूरहून थेट एस.टी. आहे, आक्का काही लहान नाही. मी कार्ड लिहिलं: 'दादास मुलगा झाला. रविवारी बारसे आहे. सवड असल्यास दुपारच्या एस.टी.ने यावे.' तीनच ओळी. आमचे प्राध्यापक थोडक्यात आणि मुद्देसूद लिहा म्हणत, तसं ते झालं होतं. घरी मी एवढंच सांगितलं, की आक्काची व्यवस्था केली आहे. शिकलेल्या मुलानं व्यवस्था केली म्हटल्यावर पुढे कुणी विचारलं नाही.

रविवारी दुपारची गाडी आली. दोन म्हातारे आणि एक बकरी उतरली. आक्का उतरली नाही.

घरी पाळणा बांधून झाला होता. घुगऱ्या शिजल्या होत्या, आळीतल्या बायका जमल्या होत्या. मी एकटाच परत आलेला पाहून आईनं विचारलं, "मूळ गेला न्हवतास?"

"कार्ड टाकलं होतं."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्यात काय एवढं? चुलत आत्या हितं बसलीया की. तिला ठिवू द्या नाव."

"न्हाय," आई म्हणाली. "एकदा दुसरीनं नाव ठिवलं, की माझ्या लेकीची हितली जागा गेली. पाळणा ऱ्हाऊ दे रिकामा." मग ती बायकांकडे वळली. "घुगऱ्या खाऊन जावा समद्याजणी. नाव ती आल्यावर."

कार्य मोडल्यावर बायका जशा निघून जातात, तशा त्या गेल्या. आई माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी इंदापूरला गेलो आणि तिथून पायी आक्काच्या गावी पोचलो. ओसरीवर तिच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण तोंडानं आशीर्वादही दिला नाही.

"कोण? कालिजातलं पावणं व्हय?" त्या म्हणाल्या. "आवतण पोस्टमनानं आणलं, तर मूळबी त्यालाच धाडायचा व्हता की. त्येची सायकल तरी हाय."

"चुकलं, मावशी. म्हणून तर आलो."

"आमची सून म्हंजे पार्सल न्हवं, यस्टीत टाकून धाडायला." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि आवाज खाली आणला. "चार वरसं झाली तिला, पदरात पोर न्हाय. भावाच्या पोराचं बारसं, आन् आत्याला मूळ न्हाय. वर 'सवड असल्यास'. काय समजायचं आमी? वांझेचा हात पाळण्याला नगं, असंच ना? समदा गाव तसंच समजला. तीबी तसंच समजली."

हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं, शपथेवर सांगतो. पण मनात न येणं हीच माझी चूक होती. मी तीन ओळी लिहिताना फक्त गाडीच्या वेळेचा विचार केला होता. ते कार्ड कुणाच्या हातात पडेल, कुणासमोर वाचलं जाईल, याचा केला नव्हता. मी शाळेत जावं म्हणून आक्कानं तिसरीतच शाळा सोडली होती. तेव्हा शिकलेली अक्षरं ती कधीच विसरली होती; ते कार्ड तिला स्वतः वाचताही आलं नव्हतं.

सासूबाईंनी कोनाड्यातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "मास्तरानं वाचून दावलं. आता तुझ्या तोंडानं वाच."

मी कार्ड हातात घेतलं. अक्षर माझंच होतं, पण त्या ओळी तोंडातून निघेनात. मी कार्डाकडे बघतच म्हणालो, "आक्कास नमस्कार. दादाला मुलगा झाला आहे. तू आल्याशिवाय पाळण्याला कुणी हात लावायचा नाही, असं आईनं सांगितलं आहे. काल बायका आल्या होत्या, त्या घुगऱ्या खाऊन परत गेल्या. बाळाला अजून नाव नाही. मी मूळ आलो आहे. मावशींनी तुला पाठवावं."

आतला भाकरीचा आवाज थांबला होता.

"मास्तरानं वाचलं तवा ह्यातलं काय न्हवतं," सासूबाई म्हणाल्या.

"तेव्हा मी लिहिलं नव्हतं."

"आन् आता लिव्हलंस व्हय? शाई कुठं हाय?"

आतून आक्काचं हसू ऐकू आलं. हसता हसता ती नाक ओढत होती. सासूबाईंनी दाराकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आगं, भाकरी करपंल. वाढ त्याला आधी. मग लुगडं बदल. दुपारची गाडी गाठायची हाय म्हनं पावण्यांना."

गाडीत आक्का काटेवाडीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मग तिनं गाठोडं सोडून पिवळी कुंची दाखवली. दादाला मुलगा झाल्याचं कार्डाआधीच बाजारकऱ्यांकडून कळलं, त्या दिवशीच ती शिवायला घेतली होती; कार्ड आल्यावर मध्ये दोन दिवस हात लावला नव्हता. "टाके निराळं दिसत्यात का रं?" तिनं विचारलं. मला दिसत होते. मी नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याच बायका पुन्हा आल्या. आईनं सगळ्यांच्या देखत बाळ आधी आक्काच्या मांडीवर दिलं आणि मगच पाळण्यात घातलं. आक्का वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मागं टपलेल्या पोरांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. "आता बास की रं, मुडद्यांनो!" ती ओरडली. पण पाठ काही तिनं सरळ केली नाही.

चार दिवसांनी तिला पोचवायलाही मीच गेलो. निघताना सासूबाईंनी ते कार्ड माझ्या हातात दिलं.

"घिऊन जा. तीनच वळी लिव्हल्यात, निम्मं कोरं हाय अजून. तुझ्या अभ्यासाला व्हईल."

आक्का त्यांच्या मागं दारात उभी होती. ती म्हणाली, "दिवाळीला कोण येणार मूळ?"

"मीच," मी म्हणालो.