सबसिडीवाल्या साहेबांचा घोट

सरकारी कारकून म्हणलं की तुमाला वाटणार, पैशे मागितले असतील. न्हाय. धाराशिवला घराच्या सबसिडीचे अर्ज बघणारे हे साहेब फकस्त मधीच थांबतात. "नावावर दुसरं पक्कं घर न्हाय, म्हंजी अर्ज पात्र..." चहाचा घोट. "हाय." तवर माणूस अर्धा मरतो.

दादानं अर्ज केल्यापासून म्या साहेबांच्या आवाजाची नक्कल करत, दुसऱ्याच्या नंबरवरून त्याला फोन करून लई छळलं. शेवटच्या तारखेला खऱ्या साहेबांचा फोन आला, "आज सही केली न्हाय, तर अर्ज..."

"गप रे माकडा!" म्हणून दादानं फोन ठेवला. माझी कला अशी फळाला आली.

संध्याकाळी साहेब स्वतःच अर्ज घेऊन दारात. दादाची सही घेतली, माझ्या नकलेचं समदं त्याच्याकडनं ऐकलं, वहिनीनं दिलेला चहा घेतला अन् माझ्याकडं वळले.

"दादाला सबसिडी भेटंल. तुला अक्कल..."

निवांत घोट घेतला. मी श्वास धरून उभा.

"अवघड हाय."