बांधालगतच्या चार ओळी

दौलतनाना गेल्याचं कळलं तेव्हा मी बागेत घडांची विरळणी करत होते. शेजारच्या उसातून त्यांचा मुलगा संतोष बांधावर आला. "काकू, नाना गेले... पहाटं, झोपेतच." हातातली कात्री तशीच राहिली. आणि मनात पहिला विचार काय आला, तर आता बांधालगतच्या चार ओळींतलं तण कोण काढणार! दीडेक महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही.

आमचे हे नाशिकला नोकरीला, त्यामुळे निफाडजवळची ही द्राक्षबाग माझ्याच अंगावर. नानांचा ऊस बांधाला लागून. काही वर्षांपूर्वी त्यांनी भर दुपारी, वारा आमच्याकडे असताना उसात तणनाशक मारलं. तेही बागेच्या फवारणीचं, बारीक धुकं करणारं नोझल लावून. छाटणीनंतर माझ्या वेलींना नुकती कोवळी फूट आली होती. थोड्याच दिवसांत पानं पंख्यासारखी आखडली, शेंडे वाकडे झाले. त्या हंगामात बांधाकडची बाग हातची गेली. नाना टोपी काढून ओट्याखाली उभे राहिले. "वैनी, चुकलं माझं. वारा बघायला पायजे व्हता." मी चहासुद्धा विचारला नाही.

त्यानंतर नानांनी बांधावर बांबू रोवून त्याला जुन्या धोतराची चिंधी बांधली. चिंधी फडफडली की पंप घरी. शिवाय उसाच्या आमच्या बाजूच्या चार ओळींत औषध मारणंच त्यांनी सोडलं. वारा असो नसो, तिथलं तण ते स्वतः खुरप्यानं काढायचे. सत्तरीचा माणूस, उसाच्या पात्यांनी हात सोलवटलेले... मधूनच मान वर करून नुसते बसायचे. पाठ भरून येत असेल, असं मी समजायचे. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून चहा पीत मी हे बघायचे आणि खरं सांगते, बरं वाटायचं. राग तर कधीच गेला होता. पुढच्या छाटणीला बाग पुन्हा जोमानं फुटली होती. पण माझा ताठा काही जाईना. "नाना, झालं गेलं सोडा, या चहाला," एवढं म्हणायला काय लागत होतं? उद्या म्हणू, उद्या म्हणू करत राहिले...

परवा संतोष पाठीवर पंप घेऊन आला. चिंधी निपचित लोंबत होती. "काकू, वारा नाय आज. ह्या चार वळीबी मारून घेऊ का?"

"नको रे बाबा, बाग इतकी जवळ आहे. नानांचं खुरपं दे. मी काढते."

त्यानं आणून दिलं. मूठ झिजून गुळगुळीत झालेली. मी ओळीत बसले. जरा वेळानं मान वर केली, तर समोर माझा ओटा. त्यावरची रिकामी खुर्ची आणि तिच्याजवळ मी ठेवलेला चहाचा कपसुद्धा तिथून स्पष्ट दिसत होता.