पाऊस लागेपर्यंत खंड नको

ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरसमोर उभं राहिलं की वीज केंद्रातली वाफ सुटलेली आधी दिसायची, तिचा आवाज मागून यायचा. त्या उशिरावरून बॉयलर किती लांब आहे ते काढायला मला बाबांनी शिकवलं. ते तिथेच कंट्रोल रूममध्ये होते. पुढे नव्वदच्या दशकात मी कृष्णविवरांवर संशोधन करू लागले, तेव्हा घरात माझं काम फक्त त्यांनाच कळलं. दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यात, कृष्णविवराला अगदी लागून असलेला उजेड कमीजास्त होतो. भोवतालचा वायू काही दिवसांनी तसाच उजळतो. त्या उशिरावरून वायूचं अंतर कळतं, वर्णपटावरून वेग, आणि दोन्ही मिळून कृष्णविवराचं वस्तुमान.

"म्हणजे मोजण्यात खंड नाई पडला पाह्यजे," बाबा म्हणाले होते. पाळीवर एकही रीडिंग न चुकवणारा माणूस तो. मी हो म्हटलं आणि दक्षिणेतल्या डोंगरावरच्या दुर्बिणीवर निघून गेले. पावसाळ्यात ती बंद होते, तेव्हाच घरी यायचं ठरलं.

दर रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर बोलणं व्हायचं. उन्हाळ्यात बाबा फोनवर येईनासे झाले. आई म्हणाली, दुसरी पाळी आहे. पुढच्या रविवारीही दुसरीच. ऊर्जानगरच्या पोरांना पाळ्यांचं चक्र तोंडपाठ असतं, दुसरी पाळी अशी लागोपाठ येत नाही. मी खोदून विचारलं, तर कोणाच्या तरी बदली गेलेत म्हणे. मी येते म्हटलं, तर तिनं शेजारच्या काकूंकडूनही सगळं बरं असल्याचं वदवून घेतलं. माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

जूनमध्ये दुर्बीण बंद झाली आणि मी घरी पोहोचले. बाबा खाटेवर होते. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. उन्हाळा लागला तेव्हाच अर्धांगवायूचा झटका आला होता. मी आईवर भडकले, नको ते बोलले.

"तुह्या बाबाइनंच बजावलं होतं," ती म्हणाली. "पानी लागेपर्यंत पोरीले काही सांगू नका, तिचं मोजणं तुटन."

मला रडू आलं आणि बाबांचा संतापही आला. असला त्याग मागितला होता कोणी?

बाबांनी डाव्या हातानं जवळ बोलावलं. अडखळत विचारलं, "खंड... नाई पडला ना?"

मे महिन्यात डोंगरावर ढग बसले ते हललेच नव्हते. खंड पडून त्या वर्षीची सगळी मोजणी वाया गेली होती.

"नाई पडला, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मी त्यांचा लुळा हात धरून बसून राहिले.