माझा अभेद्य लॅपटॉप

हसायचं नाही हं, आधीच बजावते! कारण माझी जी काही शोभा झाली, ती ऐकून माझी सख्खी आईसुद्धा दोन दिवस हसत होती.

तर माझी पीएचडी. विषय ऐकूनच माणूस सावधानमध्ये उभा राहतो: सायबर युद्ध, लष्करी विचार आणि संदेशवहन! साताऱ्यात कॉलेजात शिकवता शिकवता सगळी प्रकरणं लिहून काढली, तिसरं तेवढं अडलं. माझे गाइड सर म्हणाले, "बाई, नुसती पुस्तकं उतरवू नका. लष्करात वायरलेसवर काम केलेला एक तरी माणूस बोलता करा. या महिन्यात मुलाखत आली नाही, तर मुदत संपली आणि पीएचडीही संपली."

सात वर्षांची मेहनत हो माझी! पण आपल्याकडं निवृत्त फौजींना काय तोटा? दहिवडीकडं एका गावात सिग्नलमधले, म्हणजे लष्करी वायरलेसवरचे, निवृत्त सुभेदार सापडले. लॅपटॉप काखेत मारून एसटीनं थेट त्यांच्या ओसरीवर.

"काका, तुम्ही गुप्त संदेश कसे पाठवायचात?"

"न्हाई सांगायचं."

"अहो, संशोधनासाठी हवंय."

"ही बायकू चाळीस वर्सं इचारतीया, तिला सांगितलं न्हाई. तुला सांगू व्हय?" म्हणत त्यांनी पेपरातलं शब्दकोडं पुढं ओढलं.

मला आला राग! म्हटलं, यांना दाखवावंच आपण काय चीज आहोत ते. "काका, तुमचा काळ गेला. आताचं युद्ध यातून होतं. माझा हा लॅपटॉप शत्रूची अख्खी पलटण आली तरी उघडणार नाही!"

सुभेदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "आनि म्या उघडला तर?"

"उघडा की! नाही उघडला, तर मुलाखत द्यायची."

"ठरलं. पर आदी च्या पी."

जिंकलेच की मी! तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि मला खेटूनच बसल्या.

"आईचं म्हायेर कंचं गं तुज्या?"

"तासगाव."

"आगं बया! तासगावात माझी ननंद दिलीया! लगीन ठरलंय का तुजं?"

"नाही अजून."

"मग जन्मसाल सांग की. माझा भाचा हाय पुन्याला, लय गुनी."

मी लाजत लाजत साल सांगितलं. तारीख सांगितली. वेळसुद्धा सांगितली! शाळा कुठली, घरी कोण कोण, भाच्याला कुत्री फार आवडतात म्हणून आमच्या कुत्र्याचं नाव, सगळं सांगितलं. आता मला सांगा, एवढ्या मायेनं कुणी विचारलं तर तोंड शिवून बसता येतं का?

सुभेदार आपले खाली मान घालून शब्दकोडं भरत होते.

चहा संपला. "आन हिकडं ते मशीन," ते म्हणाले. एका बोटानं टकटक केलं. चूक! मी टाळी वाजवली. पुन्हा टकटक. परत चूक! "काका, मुलाखतीला बसा आता!" मी ओरडले. तिसऱ्यांदा त्यांनी तासगाव लिहिलं, पुढं माझं जन्मसाल जोडलं.

उघडला की हो!

माझ्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं. पेपरच्या कडेला पाहते तर माझं आजोळ, साल, शाळा, कुत्रा, सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं.

"काकू, तुम्ही पण सामील?"

"कशात गं?" काकू खरंच गोंधळल्या. "मी भाच्यासाटनं इचारत हुते."

सुभेदार खदाखदा हसले. "पोरी, मशीन फोडायच्या नादाला आमी कवा लागलोच न्हाई. मशीनवरचं मानूस बोलतं झालं की काम फत्ते. आता घे वही, ल्ही."

आणि बोलले की तीन तास! गुपित एकही सांगितलं नाही, पण लष्करी डोकं कसं चालतं ते सगळं सांगितलं. परतीच्या एसटीत मी काय ऐटीत बसले होते म्हणून सांगू! चार दिवसांत प्रकरण हातावेगळं केलं. लॅपटॉपचा प्रसंगही घातला, फक्त स्वतःचं नाव घालायची हिंमत झाली नाही. लिहिलं, 'एक उच्चशिक्षित महिला'.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "बाई, कमाल केलीत! अख्ख्या प्रबंधात हे प्रकरण भारी. मंजूर!"

मी उडीच मारणार होते.

"फक्त ती उच्चशिक्षित महिला पटत नाही हो. कपभर चहावर कुणी एवढं बरळेल? परीक्षक विचारतील, इतकं बावळट माणूस खरंच असतं याला पुरावा काय?"

"आहे ना सर," मी मान खाली घालून म्हटलं. "आत्ताच दार ढकलून तुमच्या केबिनमध्ये आलाय."