तिसऱ्या चरणाशी तुटणारी ड्राइव्ह

देवळातल्या समईखाली तेलाचा चिकटा साठतो. रोज पुसला तरी साठतोच. आमच्या भजनी मंडळाचे किस्से असेच साठले आहेत. कोणी लिहून ठेवले नाहीत आणि कोणी पुसूनही टाकले नाहीत. चार माणसे बसली की एखादा हळूच म्हणतो, "गुरुजी, ड्राइव्हचा किस्सा सांगा ना." मग मला विचारावे लागते, "कोणता?" कारण तो एक नाही. आणि पहिले दोन-तीन ऐकून हसणारी माणसे पुढे पुढे हसेनाशी होतात, हेही मला आता ठाऊक झाले आहे.

*

आदिलाबादकडच्या बोथ गावच्या बाजारगल्लीत दिगंबररावांची छोटी प्रेस होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, मंडल ऑफिसची, म्हणजे तहसिलीची, फुटकळ कामे. शतक सरत आले तेव्हा त्यांनी छपाईचे शिशाचे खिळे मोडीत काढून कॉम्प्युटर आणला. दिगंबरराव आमच्या मंडळाचे चिटणीस. मी विठ्ठल मंदिरातली सकाळची पूजा आटोपून दुपारी त्यांच्याकडे प्रुफे तपासायला बसे. त्यामुळे मंडळ कोठे संपते आणि प्रेस कोठे सुरू होते, हे आम्हांलाही नीटसे सांगता येत नसे.

त्या वर्षी कार्तिकात आमच्या अनसूयाबाई वारल्या. मंडळाचा आवाज म्हणजे त्याच. त्यांचे यजमान महादेवराव मागे बसून पखवाज धरीत. बाई गात असताना कोणी उठत नसे, कोणी बोलत नसे. मंदिराची रीतच तशी होती. प्रसाद आधी वाटायचा, तो दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा आणि अभंग संपल्यावाचून तोंडात टाकायचा नाही.

बाईंच्या आवाजाच्या कॅसेटी दिगंबररावांकडे होत्या. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरली होती. म्हणून बाई गेल्यावर प्रेसमध्ये मशीन चालवणाऱ्या सुनंदाने त्या एकेक करून कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. आतली जागा प्रेसच्या कामाने भरलेली, म्हणून दिगंबररावांनी आदिलाबादहून बाहेरून जोडायची ड्राइव्ह आणली. पोथीएवढी पेटी, तिला जाड वायर आणि एक हिरवा दिवा. तो दिवा पाहून दिगंबररावांनी हळद-कुंकू मागवले.

सुनंदाचे घर बौद्ध. तिला हे रुचेल की नाही, या संकोचाने दिगंबरराव थांबले. ती म्हणाली, "लावा ना काका, मले काई नाई. पन जाळीत नका टाकू, पंखा जाम होईन."

तेव्हापासून ड्राइव्हच्या कपाळाला कुंकू वरच्या बाजूस, जाळी सोडून.

*

दुसरा किस्सा आमच्या शहाणपणाचा आहे.

आवाज ड्राइव्हवर आला. आता त्या बुरसटलेल्या कॅसेटींचे काय करायचे? फाटकी पोथी किंवा भंगलेली मूर्ती आपण कचऱ्यात टाकत नाही, वाहत्या पाण्यात सोडतो. बाईंचा आवाज ज्यात होता, ती वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? मंडळाची बैठक झाली आणि एकमताने ठरले. आम्ही टाळ वाजवत नाल्यावर गेलो आणि सगळ्या कॅसेटी निर्माल्यासह सोडून आलो.

सुनंदाला हे दुसऱ्या दिवशी कळले. ती इतकेच म्हणाली, "म्हंजे आता हे एकच हाये."

*

पुढच्या उन्हाळ्यात दिगंबररावांना नवे फॉन्ट हवे होते आणि ते जुन्या सिस्टिमवर चालेनात. म्हणून आदिलाबादच्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या श्रीनिवासला बोलावून नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. फॉन्ट सुरेख उमटले. पडद्यावर रंग आले.

शनिवारी संध्याकाळी मंडळ नेहमीप्रमाणे बाईंना ऐकायला प्रेसमध्ये जमले. विठ्ठलाची तसबीर ठेवली, ओंजळीत साखर-खोबरे घेतले, सुनंदाने बटण दाबले. पहिला चरण झाला. बाईंची गाण्याची चाल संथ होती, एकेका चरणाला त्या चांगला वेळ देत. दुसरा झाला. तिसऱ्या चरणाशी आवाज तुटला, पडदा काळा झाला आणि हिरवा दिवा विझला. मशीन जागी केली तर ती म्हणू लागली, अशी कोणती ड्राइव्हच जोडलेली नाही.

सगळे बंद करून पुन्हा सुरू केले. पुन्हा तिसऱ्या चरणाशीच तुटले.

आम्ही परमार्थी माणसे. आम्हांला त्यात अर्थ दिसणारच. एकजण म्हणाला, बाईंची त्या चरणाशी समाधी लागत असे. दुसरा म्हणाला, त्या चरणात संसार सुटल्याची गोष्ट आहे, बाईंना पुढे यायचे नाही. महादेवराव कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "तिले तिसऱ्या चरणाशी पानी लागत जाय. मी देत जाओ."

त्यानंतर कोणी अर्थ लावला नाही.

*

श्रीनिवास आला. मूळचा तेलुगू मुलुखाचा. आमच्याशी हिंदीत बोले आणि सर्वांना 'सार' म्हणे. त्याने वायर काढून फुंकली, पुन्हा खोचली, मशीनचा उंदीर, म्हणजे माउस, इकडे-तिकडे फिरवला, खिडक्या उघडल्या, मिटल्या. बाईंचा अभंग लावला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सगळे चरण निर्विघ्न पार पडले, आणि तो सारा वेळ काहीबाही दाबत होता.

"अच्छा तो चल रा, सार," तो म्हणाला आणि बसने निघून गेला.

शनिवारी पुन्हा तुटले. तो पुन्हा आला, पुन्हा सगळे सुरळीत. वैद्य दारात आला की पोर खोकायचे थांबते, तशातली गत. तिसऱ्या खेपेस दिगंबरराव हात जोडून म्हणाले, "श्रीनिवास, तू इथंच राह्य बाबा. पोळ्या मी घालीन."

*

मग उपायांचा सप्ताह सुरू झाला. करंट कमी-जास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर आणला. वायर बदलली. ड्राइव्ह जमिनीच्या जवळ आहे म्हणून चौरंगावर बसवली. दक्षिणेकडे तोंड आहे म्हणून पूर्वेकडे फिरवली. श्रीनिवासने जुनी सिस्टिम परत घालू म्हटले, पण मग मशीन मुळापासून पुसावी लागणार होती आणि गावातल्या अर्ध्या लग्नपत्रिका तिच्यात होत्या.

जाताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ही ड्राइव्ह अशी मध्येच तुटत राहिली, तर आतले एकेक गाणे बिघडत जाईल. त्याने ड्राइव्हमधला आवाज मशीनमध्ये जागा करून उतरवून ठेवण्याचाही प्रयत्न केला होता. त्या कामाला वेळ फार लागे. ते काम मशीनवर सोडून श्रीनिवाससकट सगळे जेवायला उठत, आणि परत यावे तो दिवा विझलेला.

त्याचे म्हणणे खरे ठरले. श्रावणात सुनंदाने बाईंची गौळण उघडायला घेतली आणि ती उघडली नाही. कधीच उघडली नाही. कृष्णाला दळता दळता हाक मारणारी ती गौळण बाईंनी माहेरहून आणली होती. दुसऱ्या कोणाला ती येत नव्हती.

दिगंबरराव महादेवरावांसमोर रडले. महादेवरावांनी त्यांना पाणी दिले आणि म्हणाले, "आता लावू नोका. आयकलं नाई तरी चालते. आत हाये, इतलं बस."

त्यानंतर ड्राइव्हची वायर काढून ठेवण्यात आली. चौरंगावर तिच्यासमोर मी रोज एक फूल ठेवी. पण मनुष्य आवाजाची पूजा फुलाने किती दिवस करणार? वर्षश्राद्ध जवळ येत चालले होते. बाईंच्या तिथीला त्यांचा तो तिसऱ्या चरणाशी तुटणारा, शेवटचा अभंग मंदिरात एकदा तरी पुरता ऐकावा, हे महादेवरावांच्या मनात होते. ते बोलून दाखवीत नसत. फक्त प्रेसच्या पायरीवर येऊन बसत आणि काही न विचारता उठून जात.

*

खंडेनवमीला प्रेसमधल्या यंत्रांची पूजा असते. श्रीनिवास त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी बोथला आला होता. दिगंबररावांनी त्याला प्रसादाला थांबवून घेतले. त्याच्या भरवशावर, तो असताना काही बिघडत नाही म्हणून, पुष्कळ दिवसांनी वायर जोडली आणि बाईंचा अभंग लावला.

मी शिऱ्याचा प्रसाद वाटला. श्रीनिवासने एका हाताने घेऊन दुसरा हात उंदरावर ठेवला. मी त्याला सांगितले, आमच्याकडे अशी रीत नाही. दोन्ही हातांनी घ्यायचा, आणि गाणे संपेपर्यंत धरून ठेवायचा. मुलगा गुणी. त्याने तूप ओघळणारा शिरा ओंजळीत धरला आणि आमच्यासारखाच निश्चल बसला.

तिसऱ्या चरणाशी पडदा काळा झाला. दिवा विझला.

आम्ही सगळे विझलेल्या दिव्याकडे पाहत होतो. श्रीनिवास मात्र आमच्या हातांकडे पाहत होता. एकेकाच्या भरलेल्या ओंजळीकडे पाहत पाहत तो स्वतःच्या ओंजळीशी येऊन थांबला.

"सार," तो म्हणाला, "आप लोगां हर बार ऐसाच बैठते?"

असेच बसतो, दिगंबररावांनी सांगितले. पहिल्यापासून.

मग त्याने समजावले. नव्या सिस्टिमला वीज वाचवायची शिकवण आहे. काही वेळ कोणी बटण दाबले नाही, उंदीर हलवला नाही, तर ती झोपी जाते आणि झोपताना ही ड्राइव्ह सोडून देते. जागी झाल्यावर तिला ओळखत नाही. तो आला की त्याचा हात सारखा चाले, म्हणून तुटत नसे. आम्ही हलत नसू, म्हणून तुटे. सुनंदाने ते महादेवरावांना आपल्या बोलीत सांगितले. "आबा, आपन चूप बसलो का मशिनीले वाटते इथं कोनी नाई."

महादेवरावांनी ओंजळ तशीच धरून काळ्या पडद्याकडे पाहिले.

"आमी तं सारे इथंच व्हतो," ते म्हणाले.

*

श्रीनिवासने झोपेची ती सेटिंग बंद केली. पण बोथचा करंट दिवसातून कितीदा जाई, आणि मशीन पुन्हा सुरू झाली की सेटिंग आपोआप परत येई. पक्का इलाज हैदराबादहून मागवतो, असे सांगून तो गेला. तोवर एकच मार्ग, गाणे चालू असताना एकाने उंदरावर हात ठेवून तो हळूहळू हलवत राहायचे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मशीन बैलगाडीत घालून मंदिरात आणली. तिथीचे विधी झाले, पिंडांना कावळा शिवला. संध्याकाळी समई लावली आणि मंडळ बसले. उंदीर कोणी धरायचा, हा प्रश्न होता. ज्याचा हात गुंतला त्याला ओंजळ करता येणार नाही, म्हणजे त्याचा प्रसाद चुकणार. सुनंदा म्हणाली, मी धरते, मला प्रसादाचे बंधन नाही.

महादेवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या जागी स्वतः बसले. त्यांनी आयुष्यात त्या मशीनला हात लावला नव्हता. सुनंदाने त्यांचा तळवा उंदरावर ठेवून दाखवले, असा, इतकाच. त्यांनी तो गोंजारल्यासारखा हलवायला सुरुवात केली.

हा अभंग दिगंबररावांनी एका दुपारी रेकॉर्ड केला होता. मंदिरात बाई आणि महादेवराव दोघेच होते. दिगंबररावांनी टेप चालू केला आणि कोणी बोलावले म्हणून ते बाहेर निघून गेले होते, टेप बंद करायचे विसरूनच.

पहिला चरण झाला. दुसरा झाला. तिसऱ्या चरणाशी आम्ही सर्वांनी दिव्याकडे पाहिले. दिवा हिरवाच राहिला. बाई पुढे गेल्या. चौथा, पाचवा. उन्हाळ्यापासून मंडळात बसून आम्ही जे ऐकले नव्हते ते सारे आले. शेवटचे नाव आले, पखवाजाची तिहाई पडली आणि अभंग समेवर येऊन थांबला. मंडळींच्या डोळ्यांना पाणी होते आणि हात ओंजळीत अडकलेले, त्यामुळे पुसायची सोय नव्हती. मी प्रसाद तोंडात टाकला. मग सगळ्यांनी टाकला.

आवाज संपला होता, पण टेप पुढे चालूच राहिलेला. नुसती खरखर. त्यात एकदा टाळ खाली ठेवल्याचा नाद आला, एकदा दूर कोठेतरी बैलाच्या घुंगरांचा. मग तेही नाही. मंडळी उठू लागली. कोणी सतरंजी गोळा करू लागले. महादेवरावांचा हात उंदरावर फिरतच होता, हळूहळू, न थांबता.

दिगंबरराव त्यांच्याजवळ वाकले आणि म्हणाले की अभंग झाला, आता हात काढला तरी चालेल, बंद करतो.

महादेवरावांनी मान वर केली नाही.

"गानं सरलं, मले मालूम हाये," ते म्हणाले. "पन ती बसूनच असन ना तिथं."