इथे शाळा होती

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या लहानशा शहरात मुलगा-सून कामावर गेले, की मी एकटीच फिरायला निघायची. चालणारं दुसरं माणूस रस्त्यावर दिसायचं नाही. मग मी कडेच्या खांबांवरच्या इतिहासाच्या लोखंडी पाट्या वाचत राहायची. इथे कापसाची गिरणी होती, इथे जुनं स्टेशन होतं. सगळं होतं, असलेलं काहीच नाही. तरी दिवसभरात माझ्याशी बोलणाऱ्या त्या पाट्या तेवढ्याच.

एका पाटीवर लिहिलं होतं, इथे काळ्या मुलांची शाळा होती. मागे टायरच्या दुकानाचं पार्किंग. मी वाचत असताना एक गाडी थांबली आणि माझ्याच वयाची एक कृष्णवर्णीय बाई काठी टेकत उतरली.

"वाट चुकलात का?"

"नाही, वाचतेय."

"ही पाटी कुणी वाचत नाही," ती हसली. "मी या शाळेत शिकले."

काठीने ती दाखवू लागली. दार इथे, पाण्याचा नळ तिथे, थंडीत शेगडीजवळ बसायला ढकलाढकली व्हायची ती त्या लाल गाडीपाशी.

"तुमचं घर कुठे?"

"मिरजेला होतं. हे गेल्यावर विकलं. आता तिथे मोठी इमारत झालीय."

"दार कुठल्या बाजूला होतं?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मुलानेसुद्धा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगत गेले. अंगणातलं पेरूचं झाड कुठे होतं ते हाताने दाखवलं, तेव्हा तिने वळून तिकडे पाहिलं.